दोन उजव्या बाह्या

जिन्याच्या वळणावर आलं की धाकटीच्या पोटात दुखायला लागायचं. औषधानं बरं होण्यातलं दुखणं नव्हतं ते. वरून हातमशीनची घरघर ऐकू यायची, त्यात गोटीचं खिदळणं मिसळलेलं असायचं, आणि धाकटी मनातल्या मनात म्हणायची, झालं! आज पुन्हा काहीतरी शिवलेलं दिसतंय महामायेनं.

महामाया म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघा भावांचं बिऱ्हाड एकत्रच होतं, दोन खोल्या आणि मधे स्वयंपाकघर. थोरले दीर ट्रक चालवायचे, त्यामुळे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीला एकच, गोटी. जन्मली तेव्हा गोलमटोल होती म्हणून गोटी, आणि आता तीन वर्षांची व्हायला आली तरी गोटीच. धाकटी लहान मुलांचे कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. गोटी रांगायलाही लागली नव्हती तेव्हा ती कामावर परत रुजू झाली आणि थोरलीनं पोर पदरात घेतलं. तेव्हा हिनंच तिचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "ताई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बघा." आता त्याच ताई डोळ्यांत खुपायला लागल्या होत्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

बरं, थोरली करत काय होती, तर शिवत होती. नवऱ्याच्या जुन्या चौकड्याच्या पँटचा तिनं हत्ती केला, त्याचं नाव ढब्बू. झिजलेल्या टॉवेलचं बदक केलं. जोडीदार हरवलेल्या मोज्यांचे ससे केले. कुठल्याही प्राण्याला बटणाचे डोळे नाहीत, पोर गिळेल म्हणून सगळे डोळे दोऱ्यानं भरलेले. जुन्या पडद्याचा फ्रॉक, उशीच्या अभ्र्याचं झबलं, उरलेल्या तुकड्यांची टोपी. गोटीच्या अंगावर विकतचं म्हणून काही उरलं असेल तर पायांतल्या चपला. आणि गोटी थोरलीला हाक मारायची 'मोठाई'. मोठी आई, मोठाई. धाकटीला वाटायचं, ही मोठाई, मग मी कोण, छोटाई?

त्या दिवशीही तेच झालं. धाकटीनं दार ढकललं तेव्हा थोरली दातांनी दोरा तोडत होती आणि गोटी तिच्या गुडघ्याला लागून डोळे मोठे करून बसली होती.

"गोटे, बघ कोण आलंय!" धाकटी म्हणाली. हात पसरूनच उभी राहिली ती.

गोटीनं मान वर केली. उठायला लागली तेवढ्यात थोरलीनं तिच्या हातात काहीतरी ठेवलं आणि गोटी तिथंच परत बसली. "आई, बदकाला चड्डी!"

खरंच होतं. बदकाला नाडीची चड्डी शिवली होती, शेपटीसाठी मागं भोकसुद्धा. धाकटीचे पसरलेले हात तसेच राहिले, मग तिनं ते उगाच केसांवरून फिरवले. मनात म्हणाली, बदकाला चड्डी! उद्या मुंगीला मोजे शिवतील!

खालच्या मजल्यावरची चष्मेवाली तेव्हा उसनं दूध परत द्यायला आली होती. ती बदक हातात घेऊन म्हणाली, "काय हात आहे हो तुमचा! आणि धाकटे, तू तर कारखान्यातच शिवतेस ना गं दिवसभर? तू नाही का पोरीला काही शिवत?"

घ्या! जखमेवर मीठ चोळायला माणसं बरोबर वेळेवर येतात.

चष्मेवालीला काय माहीत, धाकटीला शिवता येत होतं आणि नव्हतंही. कारखान्यात एकेक मशीन एकेका कामाचं. एकीनं कॉलर लावायची, दुसरीनं कमरेच्या चुण्या घालायच्या, तिसरीनं काजं करायची. धाकटी उजवी बाही लावायची. लागल्या दिवसापासून उजवीच. डोळे मिटून लावेल, शेजारणीशी भांडता भांडता लावेल, पण फक्त उजवी. डावी बाही लावायला पलीकडच्या मशीनवर दुसरी बाई होती, तिला सगळ्या 'डावी' म्हणत आणि धाकटीला 'उजवी'. धाकटीच्या हाताखालून गेलेले फ्रॉक गावभर पोरी घालून फिरत असतील, पण एक अख्खा फ्रॉक तिनं जन्मात शिवला नव्हता.

हे कबूल करायचं सोडून ती ताठ मानेनं म्हणाली, "शिवणार आहे ना. वाढदिवसाचा फ्रॉक या वेळी मीच शिवणार. असा शिवीन की बघत राहाल."

थोरलीनं मान वर केली. "अगं, मग कापून देऊ का तुला? माझ्याकडे तिच्या मापाचा कागद आहे."

"काही नको. मला माहितीय माझ्या पोरीचं माप."

'माझ्या' वर तिनं असा जोर दिला की चष्मेवालीनं चष्मा सारखा केला आणि दूध ठेवून काढता पाय घेतला.

गोटीच्या बापानं रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "कोणी का शिवेना, पोरीला कपडे मिळतायत ना?" पुरुषांना काय कळतंय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि धाकटी जळतच होती, त्याला दुसरा शब्द कशाला शोधायचा? मशीनवर बसली की डोळ्यांसमोर थोरलीचा गुडघा यायचा आणि त्याला टेकलेली गोटी. तिला वाटायचं, नऊ महिने मी वाहिली, कळा मी काढल्या, आणि आता आयत्या बिळावर नागोबा होऊन ही बसली. पोरीला ताप आला तरी ती झोपेत मोठाईच म्हणते. आणखी दोन वर्षांनी मला ओळख करून द्यावी लागेल, मी तुझी आई गं बाई.

आता फ्रॉक करायचा कसा? थोरलीला विचारणं म्हणजे नाक घासणं. मग तिनं वेगळीच शक्कल लढवली. कारखान्यातून सदोष कापडाचे तुकडे बायकांना न्यायला मिळत, त्यातलं लिंबाच्या रंगाचं, बारीक पांढऱ्या फुलांचं कापड तिनं आधीच बाजूला ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं ते टेबलावर पसरलं आणि म्हणाली, "बायांनो, माझ्या गोटीचा वाढदिवस आहे. अख्ख्या गावाच्या पोरींना आपण शिवतो, एक माझ्या पोरीला शिवू."

बायका काय, हरखल्याच. रोज तेच ते करून त्यांचे हात आंबले होते. कटिंगच्या मास्तरांनी अंग आणि घेर कापून दिला. कॉलरवालीनं गोल कॉलर लावली आणि तिला बारीक लेस जोडली. चुण्यावालीनं चुण्या घातल्या, "पोर गिरकी घेईल तेव्हा छत्री उघडली पाहिजे" म्हणाली. काजवालीनं काजं केली आणि बटणं स्वतःच्या डब्यातून आणली. सुपरवायझर दोनदा येऊन गेला आणि दोनदा त्यानं दुसरीकडे बघितलं. फ्रॉक या मशीनवरून त्या मशीनवर असा फिरला जसं माहेरी आलेलं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं. शेवटी धाकटीपाशी आला आणि तिनं उजवी बाही कापली आणि लावली. काय लावली! एक सुरकुती नाही.

राहिली डावी. आणि डावी नेमकी त्याच आठवड्यात दाढ काढून घरी बसलेली.

"थांब ना चार दिवस, येईल ती," काजवाली म्हणाली.

"एका बाहीसाठी काय थांबायचं? उजवी येते तर डावी काय वेगळी असते?"

वेगळी असते, ते धाकटीला माहीत होतं. बाहीची पुढची बाजू मुंढ्यापाशी, म्हणजे खांद्याच्या जोडाला, जास्त खोल कापलेली असते, मागची कमी, हात पुढं यायला जागा लागते म्हणून. उजवीचा कागद उलटा ठेवला की डावी निघते. एवढंच लक्षात ठेवायचं होतं. पण हात लक्षात ठेवत नाहीत, हात सवयीनं चालतात. तिनं कागद ठेवला, नेहमी ठेवायची तसाच ठेवला, कातर चालवली आणि सर्रकन बाही लावून टाकली. लावताना कापड जरा ओढ घेत होतं. तिला वाटलं, कापडच सदोष आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

फ्रॉक घरी आला तेव्हा थोरलीच्या तोंडून "अगं बाई, किती गोड!" असं मनापासून निघालं. धाकटीला ते ऐकून जे सुख झालं ते तिला गोटी झाली तेव्हाही झालं नसेल. देवाशप्पथ! वाढदिवसाच्या सकाळी थोरलीनं फ्रॉकला इस्त्री केली आणि हँगरला लावून ठेवला. काही बोलली नाही. धाकटीनं मनात नोंद केली, बोलती बंद!

संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चष्मेवाली, शेजारपाजारची पोरं, कारखान्यातल्या बायका, आणि सुजलेला गाल घेऊन डावीसुद्धा. मधे टेबलावर केक. धाकटीनं गोटीला आतून सजवून आणली आणि "आहाहा!" असा एकच गलका झाला. कॉलरवाली म्हणाली, "कॉलर बघा कशी बसलीय!" चुण्यावाली म्हणाली, "कॉलरचं काय घेऊन बसलात, घेर बघा!" काजवालीला कुणी विचारलं नाही म्हणून तिनं स्वतःच बटणं काढून घालून दाखवली.

गोटी मात्र गिरकी घ्यायला तयार नव्हती. ती डावा हात अंगाला चिकटवून, खांदा मागं ओढून उभी होती. "नको," ती म्हणाली. "काढ."

"काढ काय काढ? आईनं शिवलाय ना? ढब्बूला दाखव बरं."

गोटीनं ढब्बूला उचलायला दोन्ही हात पुढं केले. उजवा गेला. डावा अर्ध्यात अडकला आणि ढब्बू खाली पडला. मग तिनं भोकाड पसरलं. "काढ! टोचतंय! मोठाईचा घाल! मोठाईचा!"

थोरली पुढं झाली आणि तिनं गोटीला घ्यायला हात पसरले, आणि धाकटीच्या डोक्यात जे काय होतं ते सगळं एकदम वर आलं.

"हात लावू नका तिला!" ती ओरडली. "तुम्हीच पढवलंय तिला. माझं काही अंगाला लागूच द्यायचं नाही तुम्हाला. स्वतःला झालं नाही म्हणून दुसरीचं बळकावायचं का? शिवा की, रात्रंदिवस चिंध्या शिवा, त्यातून पोर थोडंच जन्माला येणार आहे?"

असं बोलली. माणसांनी भरलेल्या खोलीत, केकसमोर. बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

थोरलीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. वळली आणि आतल्या खोलीत गेली. दारसुद्धा आपटलं नाही तिनं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

गोटी रडतच होती. सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या. तेवढ्यात डावी पुढं आली, गाल एका हातानं धरून खाली बसली आणि दुसऱ्या हातानं तिनं गोटीचा दंड उचलून मुंढा चाचपला. एकदा इकडचा, एकदा तिकडचा.

"उजवे," सुजलेल्या तोंडानं ती म्हणाली, "दोन्ही उजव्या आहेत की गं. पोरीनं हात पुढं आणायचा कसा? हिची डावी बाही पाठीकडं बघतेय."

कुणीतरी हसू दाबलं आणि ते खोकला म्हणून बाहेर आलं. धाकटीला वाटलं जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. केलं काय आणि झालं काय! सगळ्यांना जमवून, गाजावाजा करून, आपल्याच हातानं आपली शोभा करून घेतली. तिनं तिथंच गोटीचा फ्रॉक काढला. काखेत लाल वळ उठला होता. तो बघितला आणि मग मात्र तिला रडू आलं.

केक कसाबसा कापला. पाहुणे लवकर गेले. गोटी जुन्या पडद्याच्या फ्रॉकमध्ये बापाच्या खांद्यावर झोपून गेली आणि बाप तिला घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत राहिला, आत यायची त्याची छाती होईना.

धाकटी स्वयंपाकघरात आली तर थोरली ताटल्या घासत होती. धाकटी शेजारी उभी राहून घासलेल्या ताटल्या पुसायला लागली.

"ताई," ताटली पुसता पुसता ती म्हणाली, "मी जे बोलले ते..."

"ते लागलं," थोरली म्हणाली. "खूप लागलं. आणखी किती दिवस लागेल मला माहीत नाही. पण तू आत्ता त्याबद्दल बोलू नकोस. आधी माझं ऐक."

तिनं नळ बंद केला.

"सकाळी इस्त्री करतानाच दिसलं होतं मला. दोन्ही बाह्या उजव्या. दहा मिनिटांचं काम होतं, उसवून दुसरी लावायची. तुझं कापडही उरलं होतं. मी बघितलं, आणि हँगरला लावून ठेवला."

धाकटीच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"का?"

"का म्हणजे? तू शिवलास म्हणून. गोटी सकाळपासून नाचत होती, आईनं शिवला, आईनं शिवला. माझ्या एवढ्या फ्रॉकांसाठी कधी नाचली नाही ती. माझं तिला रोजचंच." थोरली ओल्या हातांकडे बघत होती. "आणि दुसरं. तू यायच्या वेळेला मी मुद्दाम नवं काहीतरी तिच्या हातात देते. दुपारीच शिवून झालेलं असतं, शेवटचा टाका तेवढा बाकी ठेवून लपवते. तू यायची वेळ झाली की ती दारापाशी जाऊन बसते. कितीही बोलाव, नवं काही दाखवल्याशिवाय हलत नाही. दिवसभर मी, जेवण मी, आंघोळ मी, पडली-झडली तर मी, आणि जिन्यात पाऊल वाजलं की मी कुणीच नाही. ती तुझ्याकडे धावते ना, ते मला बघवत नाही. तेव्हा पढवलं म्हणालीस ते काही अगदी खोटं नाही."

धाकटीला आधी राग आला. मस्तकात गेला. म्हणजे माझं बरोबरच होतं तर! मी वेडी नव्हते! आणि लगेच दुसरं काहीतरी झालं, ज्याला काय म्हणावं तिला कळेना. एवढे दिवस ती जिना चढताना जळत होती आणि वर ही बाई तिच्याच पावलांचा आवाज ऐकून जळत होती. पोर दारापाशी बसते, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? सांगणारीच तर ही.

"तुम्ही माझ्यावर जळत होता?" तिनं विचारलं. तिचा विश्वासच बसेना.

"मग? तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. तू आज सगळ्यांसमोर सांगितलंसच की."

थोरलीनं नळ पुन्हा सुरू केला.

"उद्यापासून नाही देणार काही," ती म्हणाली. "येऊ दे तिला तुझ्याकडे."

आणि तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं दार ढकललं न ढकललं तोच गोटी अशी येऊन आदळली की तिची पिशवी खाली पडली. दोन्ही हातांनी गुडघ्यांना मिठी, "आई, आई, आई!" हेच तर हवं होतं धाकटीला. यासाठीच तर सगळं रामायण. तिनं पोरीला उचलली, पटापट मुके घेतले, आणि मुके घेता घेता तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. थोरली मशीनपाशी बसली होती. मशीनवर कापड नव्हतं. ती उगाचच मशीनचं चाक पुसत होती, पुसलेलं परत पुसत होती, आणि दाराकडे पाठ करून बसली होती.

धाकटी त्या दिवशी जिंकली. पण घास काही गोड लागला नाही तिला.

त्याच्या पुढच्या दिवशी कारखाना सुटल्यावर ती नेहमीसारखीच भराभर चालत आली. जिन्याच्या वळणावर पोचली आणि वरून आवाज आला. थोरली कसलंतरी गाणं रचून म्हणत होती, ससा पळाला, मोजा गळाला, असलं काहीतरी बिनडोक, आणि गोटी दर ओळीला पोट धरून हसत होती. दार उघडलं की ते गाणं बंद पडणार, हे धाकटीला पक्कं माहीत होतं. गोटी धावत येणार आणि थोरली पाठ फिरवून बसणार.

तिनं चपला हळूच काढून हातात घेतल्या आणि पायरीवर बसली.

पोटात दुखत होतं. दुखायचं काही थांबलं नव्हतं, उलट एवढ्या जवळून ऐकताना जास्तच दुखत होतं. गोटी म्हणाली, "मोठाई, परत!" तेव्हा तर कळ आली. एकदा तिचं मन म्हणालंसुद्धा, ऊठ, तुझी पोर आहे, जा आणि घे.

खालून चष्मेवाली दळण घेऊन आली आणि आपल्या दारापाशी पोचली. ती थांबली. "काय गं, अशी पायरीवर का बसलीस? घरात कुणी नाही का?"

"आहेत ना," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "गाणं चाललंय त्यांचं. संपलं की जाते."